मी नसतानाचं पाळणाघर

पाळणाघर माझ्या खिडकीखाली आलं आणि त्याच महिन्यात मला तिथे पाय ठेवायला बंदी झाली. बंदी घातली मीच. ठराव मी मांडला, शब्द माझे, खाली सही माझी. अनुमोदन आमच्या खजिनदारांनी दिलं, पण ते कशालाही अनुमोदन देतात. एकदा कुणीतरी नुसतं 'उकडतंय' म्हणालं, तर त्यालाही त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला होता.

आमची संस्था लहान. भिवंडीत संस्था म्हटली की लोकांना शाळा नाहीतर पतपेढी वाटते, आमचं आपलं साधं पाळणाघर. निजामपुऱ्यात एका जुन्या गाळ्याच्या माडीवर ते चालायचं. खाली यंत्रमाग, शेजारी यंत्रमाग, गल्लीच्या पलीकडेही तेच. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला बायका असतात, बहुतेक नवऱ्यामागे उत्तरेकडून आलेल्या. त्यांची मुलं पूर्वी कारखान्यातच, जुन्या साडीची झोळी बांधून, सुताच्या धुळीत निजायची. आमच्या ह्यांची सुताची दलाली होती. ते दिवसभर गाळ्यागाळ्यांतून फिरायचे आणि घरी आले की जेवताना त्या झोळ्यांचं वर्णन करायचे. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "नुसतं सांगता काय, काहीतरी करा ना." ते म्हणाले, "तू कर." संस्थेचा इतिहास एवढाच आहे. वार्षिक अहवालात तो जरा फुगवून लिहिलाय.

हे गेले तेव्हा मुलाने मला भिवंडीबाहेर काल्हेरला आणलं. तो बंगळुरूला असतो. त्याने इथे आधीच एक फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या काचांच्या खिडक्यांचा. म्हणाला, "आई, इथे धूळ नाही, आवाज नाही, आराम कर." धूळ खरंच नव्हती. आवाजही नव्हता, कारण ट्रक मागच्या रस्त्याने गोडाऊनकडे जातात आणि काचा लावल्या की तेही बंद. बोलायला माणूस नव्हतं, ते मात्र त्याच्या लक्षात आलं नसावं. समोरच्या दारात एक जोडपं राहतं. दोघं सकाळी बाहेर पडतात आणि रात्री येतात. त्यांची माझी ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती.

तरी माझं बरं चाललं होतं. सकाळी डबा भरायचा, शेअर रिक्षाने निजामपुरा गाठायचा, संध्याकाळी पाय ओढत परत. घर मला फक्त झोपायला लागायचं. वाईट दिवस एकच, शुक्रवार. शुक्रवारी गावातले माग बंद, म्हणून पाळणाघर बंद. त्या दिवशी घर खायला उठायचं. मी कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची आणि शनिवारची वाट बघायची. पाळणाघर सुटलं तर माझ्या आयुष्यात सातही दिवस शुक्रवार होतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि त्याच सुमाराला पुण्याच्या बाई आल्या.

आमचा निम्मा खर्च ज्या देणगीदारांवर चालतो, त्यांनी कळवलं होतं की पुढच्या तीन वर्षांचा आराखडा करा, तो करायला मदत म्हणून एक जाणकार पाठवतो. आमच्यासारख्या संस्था आराखडा कसा करतात ते सांगते. गेल्या वर्षीचा काढायचा, तारखा बदलायच्या आणि वडापाव मागवायचे. पण या बाई निराळ्या निघाल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, पिशवीभर रंगीत चिठ्ठ्या घेऊन आलेल्या. त्यांनी भिंतीवर दोन मोठे कागद लावले, एकावर 'आपली ताकद', दुसऱ्यावर 'आपली कमजोरी', आणि आम्हा विश्वस्तांच्या हातात पेनं दिली. खजिनदार भाऊंनी बराच विचार करून एक चिठ्ठी लिहिली आणि ताकदीच्या कागदावर चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'वहिनी'. म्हणजे मी. ते ह्यांचे मित्र, पहिल्यापासून मला वहिनी म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही नको नको म्हणत जरा फुगले.

पुण्याच्या बाईंनी ती चिठ्ठी अलगद काढली आणि शेजारच्या कागदावर, कमजोरीखाली लावली.

"राग मानू नका," त्या मला म्हणाल्या, "पण उद्यापासून तुम्ही आला नाहीत, तर इथे काय होईल?"

"अहो, असं अभद्र कशाला बोलता?" भाऊ म्हणाले.

"अभद्र नाही हो. समजा, गावाला गेल्या."

"माझं माहेर इथलंच, वळ गावचं," मी म्हटलं. "आमच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे. मी कुठल्या गावाला जाणार?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. मग एकेक जण आपल्या चहाच्या कपात बघायला लागला. काय होईल ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. दूधवाला माझ्या शब्दावर दूध देत होता, जागामालक माझ्या तोंडाकडे बघून भाड्याबद्दल गप्प होता, मुलं सांभाळणाऱ्या बायका मला घाबरून वेळेवर येत होत्या. मी पडले तर दोन महिन्यांत माडीला कुलूप लागलं असतं. मी घरी आले ती फणफणत. अख्ख्या संध्याकाळभर त्या बाईंना मनातल्या मनात उत्तरं दिली. एकही धड नव्हतं.

मग मी हट्टाला पेटले. करायचाच तर नीट आराखडा करू म्हटलं. बाई दर पंधरा दिवसांनी यायच्या आणि नुसते प्रश्न विचारून जायच्या. मुलं कमी का होताहेत, हा त्यातला पहिला. आम्ही म्हणायचो, सध्या जरा मंदी आहे. त्या म्हणाल्या, आयांना विचारा. विचारलं, तेव्हा कळलं की पलीकडच्या गल्लीतले माग भंगारात निघालेत आणि कांड्या भरणाऱ्या बायका काल्हेर, वळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायला लागल्यात. मुलं पुन्हा झोळीत, फक्त आता गोडाऊनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आणि मी रोज त्याच रस्त्याने उलट्या दिशेने रिक्षात बसून येत होते. आया सकाळी भिवंडीतून काल्हेरला आणि मी काल्हेरहून भिवंडीला. कुठल्या तरी सिग्नलला आमच्या रिक्षा शेजारी उभ्या राहत असतील.

तेव्हा ठरलं, आया जिथे तिथे पाळणाघर. माझ्याच सोसायटीसमोर खाडीकाठच्या एका जमीनवाल्याची नवी इमारत होती. त्याची आई ह्यांना भाऊ मानायची, त्याने तळमजल्याचा हॉल देऊ केला. आणि दुसरं ठरलं, की नव्या जागेत नवं माणूस. ते कोण, यावर चर्चा झालीच नाही. आमच्याकडे एक मुलगी होती. मुलगी कसली, आता दोन लेकरांची आई. आतल्या गावातली, शेतकऱ्याची पोर, बारावीनंतर आमच्याकडे मुलं सांभाळायला लागली आणि काम करता करता पदवी घेऊन, बालवाडीचा कोर्स करून बसली. मला काकू म्हणते. तिच्या डोक्यात कुठली गोष्ट शिरली की ती बाहेर पडत नाही. माझ्याशी भांडणारी ती एकटीच, म्हणून मला ती आवडायची.

शेवटच्या बैठकीत पुण्याच्या बाई सहज बोलून गेल्या. "बहुतेक संस्थांमध्ये जुनी माणसं पद सोडतात आणि खुर्ची तेवढी दाराजवळ सरकवून घेतात. मग नव्याला काही करता येत नाही."

त्यांनी मला टोमणा मारला असं नाही. पण मला लागला. मी तिथेच म्हटलं, "लिहा. संस्थापक सहा महिने पाळणाघरात पाऊल ठेवणार नाही. फोन करणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला देणार नाही." भाऊंचा हात वर गेला. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली. नंतर जिन्यात मला म्हणाली, "काकू, कशाला असा लिवलाव? मना भ्या वाटतंय."

"भ्यायलाच पाहिजे," मी म्हटलं. "मलाही वाटतंय." ते खरं होतं, पण तिला वाटलं मी तिची समजूत काढतेय.

हलवाहलवीची तयारी आम्ही अशी केली की लग्नघराने बघावं. पाण्याची टाकी, लहान मुलांच्या उंचीचे नळ, जाळीच्या खिडक्या, गाद्यांना धुता येणारी खोळ, गेटला वरून लागणारी कडी. एकेक गोष्ट आठवून आठवून बघितली. जुन्या जागेत जे जे होतं आणि जे जे नव्हतं, सगळं धरलं. गोडाऊनला सुट्टी रविवारी, म्हणून आमचीही सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर नेली. शेवटच्या दिवशी मी निजामपुऱ्याच्या माडीची किल्ली जागामालकाला दिली, दूधवाल्याला त्या पोरीचा नंबर दिला, आणि घरी आले.

पहिल्या दिवशी मी पडद्याआड उभी राहून बघितलं. लपून बघावं असं त्यात काही नव्हतं, तरी लपले. रिक्षांमधून बायका उतरत होत्या, मुलं आत जात होती, फाटकावर ती पोरगी कंबरेला ओढणी खोचून उभी. सगळं माझ्या आराखड्याप्रमाणे. मी दहा वाजता पोहे केले, अकराला पुन्हा चहा केला, बाराला टीव्ही लावून बंद केला. मग दुपार झाली आणि खालून रडण्याचा आवाज आला.

एक मूल रडतं तो आवाज मला माहीत आहे, त्याने मी हलत नाही. हे सगळं पाळणाघर एकदम रडत होतं. जेवणानंतर निजायच्या वेळेला सुरू झालं ते आया परत येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. नवी जागा आहे, रुळतील, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा आठवडा लागला तरी दुपार झाली की तोच गोंधळ.

भाजीच्या गाडीजवळ एक आई भेटली. कडेवरचं मूल खांद्यावर पेंगत होतं, डोळे सुजलेले. "आंटी, बच्चे सोते नहीं हैं वहाँ," ती म्हणाली. "घर आके चिडचिड करता है, रात को भी परेशान. सुपरवायजर बोलता है ड्युटी पे झोंके मत खाओ. ऐसा ही रहा तो मैं वापस झोली में डालूँगी. आप आ जाओ ना, आप आओगे तो सो जाएँगे."

मी तिला म्हटलं, नई मैडम को थोड़ा टाइम दो. तोंडाने ते म्हटलं आणि मनात मला आनंद झाला. मुलं रडताहेत, आया जागताहेत, माझं इतक्या वर्षांचं काम विस्कटायला आलंय, आणि मला आनंद झाला. मी घरी जाऊन मोबाइल समोर ठेवून बसले. ती फोन करेल. आज नाही तर उद्या करेल, म्हणेल, काकू या. विचारल्यावर सल्ला द्यायला ठरावात मनाई नव्हती. फोन आला नाही. बंगळुरूहून आला, जेवलीस का विचारायला. मी हो म्हटलं.

शुक्रवारी दुपारी रडणं सुरू व्हायच्या आधीच मी खिडकी घट्ट लावून घेतली. रोज ते ऐकवत नव्हतं. काचा सरकवल्या तशी खोली एकदम गप्प झाली. पलंगावर पडले. काल्हेरच्या घरात दुपारी माझा डोळा कधी लागलेला नाही. निजामपुऱ्याला असताना मुलं निजली की मी भिंतीला टेकून घटकाभर मस्त घोरायची, आणि इथे मऊ गादीवर टक्क जागी. वय झालं असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मात्र पंखा बंद झाला. वीज गेली. जो थोडा घरघर आवाज होता तोही थांबला, आणि मी दचकून उठून बसले.

उठून बसले आणि मला निजामपुरा आठवला. तिथे दुपारी कधी लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एका दमात थांबायचे, आणि त्याच क्षणाला आमची झोपलेली मुलं एकजात उठून भोकाड पसरायची. हे इतकं ठरलेलं होतं की लाइट गेली रे गेली की आम्ही बिस्किटांचा डबा उघडायचो. मुलांना मागांच्या खडखडाटात झोप लागायची. पोटात असल्यापासून त्यांनी तोच ऐकलेला. आणि आम्ही शहाण्यांनी नळांच्या उंचीपासून गाद्यांच्या खोळीपर्यंत सगळं धरलं, तेवढा आवाज धरायचा राहिला. राहणारच. आम्हाला तो ऐकूच येत नव्हता. त्या माडीवर वर्षानुवर्षं ओरडून बोलताना आपण कशाच्या वर ओरडतोय हे आम्ही विसरलो होतो.

आता माझ्याकडे कारण होतं, खरंखुरं, कुणीही नाव ठेवणार नाही असं. मी घरातली साडी बदलली. केस नीट केले. आरशात बघितलं आणि मला माझी लाज वाटली, इतकी मी खुश दिसत होते. पण थांबले नाही. वीज नव्हती म्हणून जिना उतरले. गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही. आत गेल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं, अगदी साधं बोलायचं, ऐट नाही करायची. मग ती म्हणेल, काकू, तुमी होत्या म्हनून. मग मी जरा बसेन. एखादं मूल मांडीवर येईल.

रस्ता ओलांडला आणि फाटकाशी पोहोचले. रडणं नव्हतं. आतून माग चालत होते.

क्षणभर मला वाटलं माझं डोकं फिरलं. आज शुक्रवार, निजामपुऱ्यातसुद्धा माग बंद असतील, आणि इथे काल्हेरच्या नव्या कोऱ्या इमारतीत खडाक खडाक, खडाक खडाक. जाळीच्या खिडकीतून आत बघितलं. पंखे थांबलेले. ओळीने गाद्या आणि गाद्यांवर आडवीतिडवी झोपलेली मुलं. कोपऱ्यात गणपती मंडळाचा बॅटरीवरचा स्पीकर, आणि त्याला जोडलेला एक मोबाइल.

ती मला बघून बाहेर आली. "काकू! तुमी हितं?"

"भाजी आणायला चालले होते," मी म्हटलं. "आवाज आला म्हणून थांबले."

"कालच जाऊन रेकॉर्ड करून आनला," ती म्हणाली. डोळे जागरणाने आत गेलेले, पण चेहरा उजळलेला. "लय डोका लावला काकू. मंग आठवला, लाइट गेली का पोरा उठायची. तसाच झाला व्हता हितं. आज सगली झोपली. एक पन न्हाय उठला."

"छान केलंस," मी म्हटलं. ते मनापासून म्हटलं. मी आत बघत होते. दाराजवळची एक मुलगी, जी माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय कधी निजायची नाही, ती पालथी पडून गाढ झोपली होती. मूठ उघडी होती.

त्या पोरीने माझ्या हाताकडे बघितलं. पिशवी नव्हती. माझा एक पाय फाटकाच्या पट्टीवर होता, आत नाही, बाहेरही नाही. तिने तोही बघितला.

"मी तुमाला फोन करनार व्हती," ती हळूच म्हणाली. "दोनदा नंबर काढला. मंग म्हटला, काकूंनी लिवलाय तर काकूंचा मान ठेवाया पायजे."

"बरोबर केलंस," मी म्हटलं आणि पाय मागे घेतला.

ती आत गेली आणि फाटक लावलं. सवयीने धाडकन लावलं, निजामपुऱ्यात लावायची तसं. मी दचकले. आत कुणी हललंही नाही.

पुण्याच्या बाई म्हणायच्या की आराखडा जमला की नाही ते संस्थापक नसताना कळतं. त्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये ही गोष्ट हिरव्या, म्हणजे 'जमलं'च्या, रंगात आली असती. मी जिना चढले. या वेळी गुडघे दुखले. वर येऊन साडी बदलली नाही, तशीच गेले आणि खिडकीची काच पूर्ण सरकवली. आवाज वर आला, बारीक, पण आला. पलंगावर कुशीवर पडले. बाईंचा प्रश्न मी सोडवला होता, पाळणाघर माझ्याशिवाय चालत होतं, आणि आता उद्या सकाळी उठून मी कुठे जाणार हे आराखड्यात कुठेच नव्हतं. रडू आलं. थोडं रडले. रडता रडता कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती आवाज थांबल्यावर. ऊन कलंडलं होतं. खाली मुलंही उठली होती, उठल्या उठल्या रडत होती, आणि आया आल्याचे, हाका मारल्याचे आवाज येत होते. एकेक रडणं थांबत गेलं. एकेकाला कुणीतरी उचलून घेत होतं. सगळं शांत होईपर्यंत मी तशीच पडून राहिले. मग उठले आणि एक कप चहा ठेवला.